'महाराष्ट्र' या शब्दाची लांबी किती: ४, ६, १० की ३०?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदाच्या नावाला 'जास्तीत जास्त २० अक्षरं' अशी मर्यादा घालायची आहे. चाचणीसाठी 'महाराष्ट्र' हा शब्द घेतला. गो भाषेत सर्व्हर लिहिणाऱ्याला लांबी मिळाली ३०. पायथन आणि जावास्क्रिप्टवाल्यांना १०. आयफोनचं ॲप स्विफ्टमध्ये लिहिणाऱ्याला ४. आणि कुणी एक जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून पाहिली, तिने सांगितलं ६. आता टीममध्ये कुणाची भाषा 'बरोबर' यावरून जुंपली आहे.

चारही आकडे बरोबर आहेत. पण सभासदाला दाखवायच्या मर्यादेसाठी त्यातला ३० घातक आहे आणि ६ निरुपयोगी. भाषा चांगली की वाईट याच्याशी याचा संबंध नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो, आणि तुम्हाला त्यातली नेमकी कुठली मोजायची आहे हे अजून कुणी ठरवलेलं नाही. मराठी मजकुराच्या डेटाबेस आणि एसएमएसच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी १०. हा शब्द संगणकात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असा ओळीने साठवलेला असतो. मोजा, दहाच भरतात. या प्रत्येकाला कोडपॉइंट म्हणतात. 'ष्ट्र' नावाची वेगळी वस्तू युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, नाहीच. ही रचना युनिकोडवाल्यांनी आपल्याकडून घेतली. १९८८ च्या आपल्या इस्की संकेतप्रणालीवरून युनिकोडचा देवनागरी तक्ता बेतला गेला (इस्कीचं पुढचं रूप म्हणजे १९९१ चं आयएस १३१९४ हे भारतीय मानक). जोडाक्षरं शेकड्यांनी होऊ शकतात, प्रत्येकाला क्रमांक देत बसण्यापेक्षा उच्चाराच्या क्रमाने मूळ खुणा साठवायच्या आणि त्यांची जुळणी फॉन्टवर सोपवायची, हा विचार त्यामागे आहे. म्हणूनच 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, पण साठवणीत ती क च्या नंतर येते. मला हा निर्णय आजही पटतो. आपण देवनागरीत शोधू शकतो, क्रम लावू शकतो, ते याच निर्णयामुळे.

३० हा आकडा बाइटचा. यूटीएफ-८ मध्ये (कोडपॉइंट बाइटच्या रूपात साठवायची रूढ पद्धत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, इंग्रजी अक्षर १. गो भाषा लांबी बाइटमध्ये सांगते यात नवल नाही. यूटीएफ-८ ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली, आणि गो घडवणाऱ्यांतही पुढे हेच दोघे होते. त्यांच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटची रांग, आणि रस्ट या भाषेतही तेच. वायरवरून किती डेटा जाणार, फाइल केवढी होणार, बफर केवढा हवा, या प्रश्नांना ३० हेच उत्तर आहे.

जावा आणि जावास्क्रिप्ट यांची गोष्ट निराळी. त्या जन्मल्या तेव्हा जगातली सगळी अक्षरं १६ बिटांत मावतील असा समज होता. १९९६ च्या युनिकोड २.० ने तो मोडला, पण या भाषा १६ बिटांचे तुकडे मोजत राहिल्या. देवनागरी त्या पहिल्या ६५,५३६ जागांतच असल्यामुळे मराठीसाठी जावास्क्रिप्टचा आणि पायथनचा आकडा सारखाच येतो, म्हणून फरक लक्षातच येत नाही. मोडी घेऊन बघा. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची जागा त्या मर्यादेच्या पलीकडे आहे. मोडीचं एक अक्षर पायथनला १ दिसतं, जावास्क्रिप्टला २. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ८' प्रकारात तर ते साठवताच येत नाही, कारण तो प्रकार तीनच बाइटपर्यंत जातो; त्यासाठी 'यूटीएफ८एमबी४' लागतं. जुनी मोडी कागदपत्रं लिप्यंतर करून संगणकावर आणणाऱ्यांनी टेबल बनवण्याआधी एवढं एक तपासावं.

राहिले ४ आणि ६. इथे खरी गंमत आहे.

वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं, त्याला युनिकोडच्या परिभाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात. मराठी माणसाला याची व्याख्या शिकवावी लागत नाही. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवताना 'महाराष्ट्र' ला आपण म, हा, रा, ष्ट्र अशा चारच चौकटी देतो. ष ला एक, ट ला एक असं कुणी करत नाही. अभंगाच्या चरणांतली ६, ६, ६, ४ ही अक्षरं मोजतानाही जोडाक्षर एकच धरतात. मोजायची ही रीत संगणकाच्या कित्येक शतकं आधीची आहे.

पण युनिकोडच्या मूळ नियमांना ती माहीत नव्हती. त्या नियमांप्रमाणे काना-मात्रा-अनुस्वार आपापल्या व्यंजनाला चिकटत, हलन्तही चिकटे, पण हलन्तानंतर आलेलं व्यंजन मात्र नवं अक्षर धरलं जाई. म्हणजे म, हा, रा, ष्, ट्, र असे सहा तुकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने यात एक नवा नियम घातला: देवनागरी, बंगाली, गुजराती यांसारख्या काही लिप्यांत हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र राहतील. तेव्हापासून उत्तर ४. तुमच्या टीममधल्या ६ आणि ४ च्या भांडणाचं मूळ एवढंच आहे, एका लायब्ररीत जुने नियम आहेत आणि दुसरीत नवे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. अक्षरं मोजून केलेली तपासणी दोन वेगवेगळ्या यंत्रांवर लावू नका. फोनवर नवे नियम, सर्व्हरवर जुने, असं सर्रास असतं. फोन म्हणतो नाव मर्यादेत आहे, सर्व्हर म्हणतो नाही, आणि सभासदाला 'काहीतरी चुकलं' एवढाच संदेश दिसतो. नियम पुढेही बदलू शकतात. कोडपॉइंटची आणि बाइटची संख्या मात्र त्याच मजकुरासाठी कधीच बदलत नाही.

आता तुमच्या २० च्या मर्यादेकडे येऊ. समजा एका सभासदाचं नाव 'ज्योत्स्ना ज्ञानेश्वर क्षीरसागर' आहे. मधल्या मोकळ्या जागा धरून वाचणाऱ्याच्या हिशेबाने ही १३ अक्षरं. कोडपॉइंट ३१. बाइट ८९. नुसत्या 'ज्योत्स्ना' मध्ये अक्षरं दोन आणि कोडपॉइंट दहा, म्हणजे साठवणीत 'महाराष्ट्र' एवढाच शब्द. तुमची २० ची मर्यादा कोडपॉइंटवर लावली आणि कुणी जास्तीचा भाग निमूट कापून टाकला, तर पासबुकावर छापलं जाईल 'ज्योत्स्ना ज्ञानेश्व'. बाइटवर लावली तर पहिल्या नावाचेही पूर्ण तीस बाइट मावत नाहीत: सहा कोडपॉइंट पूर्ण जातात, सातवा मध्येच तुटतो आणि त्याच्या जागी तो काळा प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. ज्या बाईने 'जास्तीत जास्त २० अक्षरं' वाचून १३ अक्षरांचं नाव भरलं, तिची यात काय चूक? कर्जाच्या कागदांवर आणि केवायसीच्या तपासणीत नाव जुळलं नाही की हेलपाटे तिलाच घालावे लागतात. या वादाकडे मी म्हणूनच गप्पांचा विषय म्हणून बघू शकत नाही.

डेटाबेस निवडतानाही हेच बघायचं. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये व्हारचार(५०), म्हणजे ५० लांबीचा मजकुराचा रकाना, यात ५० कोडपॉइंट मावतात. ओरॅकलमध्ये व्हारचार२(५०) हे, सेटिंग बदललं नसेल तर, ५० बाइट असतात. म्हणजे मराठीचे १६ कोडपॉइंट. इंग्रजी नावांवर चाचणी केली तर हे वर्षानुवर्षं उघडकीला येत नाही. मग एक दिवस मराठी नावं भरायला सुरुवात होते आणि ओआरए-१२८९९ (मजकूर रकान्यात मावत नाही) ही चूक पडद्यावर यायला लागते. उपाय साधा आहे, रकाना बनवतानाच '५० चार' असं लिहायचं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर एनव्हारचार हा युनिकोड मजकुराचा प्रकार वापरा. साध्या व्हारचारमध्ये, यूटीएफ-८ चं 'कोलेशन' (मजकुराच्या साठवणीचं आणि क्रमाचं सेटिंग) निवडलं नसेल तर, मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात आणि गेलेला मजकूर परत मिळत नाही. आणि मायएसक्यूएलमध्ये 'लेंग्थ' हे फंक्शन बाइट देतं, 'चार_लेंग्थ' कोडपॉइंट देतं. अहवालाच्या क्वेऱ्यांमध्ये ही अदलाबदल मी फार वेळा पाहिली आहे.

एसएमएसचा हिशेब तिसराच. इंग्रजी संदेशाला १६० ची मर्यादा, पण त्यात देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी सगळा संदेश १६ बिटांच्या पद्धतीने जातो आणि मर्यादा ७० वर येते. ७१ झाले की संदेश दोन भागांत जातो आणि प्रत्येक भागात ६७ च मावतात. 'आपला अर्ज मंजूर झाला आहे.' हे वाक्य वाचणाऱ्याला १७ खुणांचं वाटतं, बिलात ते २५ धरलं जातं. म्हणून एसएमएस लिहायच्या पडद्यावरचा मोजणीचा आकडा जावास्क्रिप्टच्याच पद्धतीने दाखवा; तिथे 'सुधारणा' म्हणून अक्षरं मोजायला गेलात तर बिल आणि पडदा जुळणार नाहीत. जाता जाता: मराठी संदेश लांबतो ही तक्रार पुरती खरी नाही. याच वाक्याचं नेहमीचं इंग्रजी रूप ३५ खुणांचं होतं. मराठी आखूडच आहे, छत बुटकं आहे.

आता तुम्ही न विचारलेली, पण याच फॉर्ममध्ये उद्या अडवणारी एक गोष्ट. नावात फक्त अक्षरं असावीत, आकडे-चिन्हं नकोत, म्हणून कुणीतरी पायथनचं 'इजअल्फा' हे 'सगळी अक्षरंच आहेत का' तपासणारं फंक्शन लावेल. 'कमल' हे नाव त्यातून पास होतं. 'सीमा' नापास होतं. कारण वेलांटी आणि काना हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरं नाहीत, 'खुणा' आहेत. पायथनच्या 'आरई' या नमुने शोधायच्या नेहमीच्या लायब्ररीत 'शब्दातलं अक्षर' या नमुन्याने 'मराठी' शोधा, तुम्हाला दोन शब्द मिळतील: 'मर' आणि 'ठ'. मात्रा तिला शब्द तोडणाऱ्या वाटतात. चाचणी करणाऱ्याने योगायोगाने 'कमल', 'मदन', 'रतन' अशी बिनमात्रांची नावं टाकली तर सगळं हिरवं दिसतं. जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडचा अक्षरांचा 'पी-एल' वर्ग वापरणाऱ्यांचीही तीच गत होते. त्याच्या जोडीला खुणांचा 'पी-एम' वर्गही हवाच. पायथनमध्ये 'रेजेक्स' नावाची स्वतंत्र लायब्ररी मिळते, ती हे नीट हाताळते आणि अक्षरगटही ओळखते. आणि खरं सांगू का, नावावर असली तपासणी लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा असेल तर इशारा द्या, अडवू नका.

लांबीचा आणखी एक पेच शोधाच्या कामात येतो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाची न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पहिल्याची लांबी ११, दुसऱ्याची १२, आणि एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणीकरण (समान मानलेली रूपं एका साच्यात आणणं) चालवून हे सुटेल असं बरेच जण सांगतात. सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन समान रूपं नाहीत. 'ॲप' चंही तसंच. ॲ हे अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं, त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि काही कीबोर्ड आजही तसंच करतात. एकाची लांबी २, दुसऱ्याची ३.

यावर घाईचा उपाय म्हणजे 'न दिसणाऱ्या खुणा काढून टाका'. हा उपाय कुणी सुचवला तर तिथेच थांबवा. जोडखूण काढली की आडव्या र चा रफार होतो आणि आचाऱ्यांना दिलेली सूचना आचार्यांना जाते. योग्य क्रम असा: आधी र-हलन्त-जोडखूण या त्रयीच्या जागी ऱ-हलन्त घाला, अ-चंद्र या जोडीच्या जागी ॲ घाला, आणि मगच बाकीची सफाई करा. हे साठवताना नव्हे, शोधाची अनुक्रमणिका बनवताना करायचं. सभासदाने लिहिलेलं नाव मूळ रूपात तसंच राहू द्या.

बॅकस्पेसवरूनही तुमच्याकडे वाद झाल्याचं लिहिलं आहे. 'ष्ट्र' वर बॅकस्पेस मारला की बहुतेक ठिकाणी फक्त र जातो आणि 'ष्ट्' उरतं, पण पुढून डिलीट मारलं की अख्खं अक्षर जातं. याला दोष समजू नका, हे जाणूनबुजून केलेलं आहे. टाइप करणारा नुकतीच दाबलेली एक कळ मागे घेत असतो. एका चुकीसाठी पाच कळांचं काम पुसणं त्याला जाचक होईल. इमोजीचं तसं नसतं, ती एकाच टिचकीने आलेली असते. ते जसं चालतं तसंच चालू द्या.

तर तुमच्या फॉर्मचं काय करायचं? सभासदाला दिसणारा आकडा अक्षरांचा ठेवा; ब्राउझरमध्ये 'इंटल सेगमेंटर' हे काम करतो, क्रोममध्ये तो २०२० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ पासून. पण तो आकडा फक्त सूचनेपुरता ठेवा, अर्ज नाकारण्यासाठी नको. सर्व्हरवरची खरी मर्यादा कोडपॉइंटमध्ये लावा आणि सढळ लावा. संपूर्ण नावाला मी २०० धरतो, आणि डेटाबेसच्या रकान्यातही तेवढेच. सर्व्हरवर फक्त अक्षरांची मर्यादा ठेवणं असुरक्षितही आहे, कारण एका व्यंजनावर हजार खुणा रचून कुणी 'एक अक्षर' पाठवू शकतो. त्यासाठी सगळ्यात बाहेर एक बाइटची मर्यादाही असू द्या, पण तिच्यापर्यंत खरं नाव कधी पोचणार नाही इतकी मोठी. ओळखपत्रावर किंवा पासबुकावर छापायची जागा कमी असेल तर तिथे मोजणी करूच नका. त्या फॉन्टमध्ये नाव प्रत्यक्ष किती रुंद होतं ते मोजा. 'ममममम' आणि 'ररररर' यांची लांबी एकच असली तरी रुंदीत बराच फरक पडतो. नाव बसत नसेल तर आकार लहान करा किंवा दुसऱ्या ओळीत न्या.

आणि चाचणीच्या यादीतून 'महाराष्ट्र' काढू नका, त्याच्या जोडीला 'सीमा', 'ज्योत्स्ना', 'त्र्यंबक', दोन्ही रीतींनी टाइप केलेलं 'गोऱ्हे' हे आडनाव आणि दोन्ही रीतींचं 'ॲना' घाला. एवढी पाच नावं भरून, साठवून, शोधून, छापून आणि एसएमएसने पाठवून बघा. कुठे काही तुटलं तर कुठल्या टप्प्यावर तुटलं ते इथे लिहा, म्हणजे त्या टप्प्यापुरतं पुढे बोलू.